सगळ्यांना मारलेली हाक

माणगावहून न्हावा शेव्याला नोकरीला आले आणि पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला. बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात कॉम्प्युटरच्या नेटवर्कची देखभाल, हे माझं काम. कोणकोणती यंत्रं चालू आहेत ते बघावं, म्हणून एका सकाळी मी अख्ख्या नेटवर्कला मिळून एकच पिंग पाठवलं. पिंग म्हणजे हाक. 'आहात का?' असं विचारायचं, आणि ज्याला ऐकू येईल त्यानं 'आहे' म्हणायचं. यार्डात चाळीसेक कॉम्प्युटर. त्यातल्या एकानंही ओ दिली नाही. उत्तर आलं ते दोन प्रिंटरचं आणि गेटवरच्या जुन्या कॅमेऱ्याचं.

धावत आमच्या साहेबीणबाईंकडे गेले. "मॅडम, सगळं नेटवर्क बंद पडलंय!"

समोर पंधराजण आपापल्या कॉम्प्युटरवर निवांत काम करत होते. मॅडम हसल्या नाहीत. मला खुर्ची ओढून दिली.

"अगं, सगळ्यांना मिळून मारलेल्या हाकेला ते ओ देत नाहीत. तसंच शिकवलंय त्यांना. पूर्वी द्यायचे. मग कुणी लबाड स्वतःचा म्हणून दुसऱ्याचाच पत्ता सांगून हाक मारायचा, आणि सगळ्यांची उत्तरं त्या बिचाऱ्यावर एकदम कोसळायची. तू एकेकाला विचार."

एकेकाच्या पत्त्यावर विचारत गेले. पटापट उत्तरं आली. गप्प राहिला तो फक्त ट्रकच्या वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर.

तिथल्या केबिनमध्ये उरणचे एक काका असत. घरचं मिठागर गेल्यावर इथे लागलेले. मी पोचले तेव्हा ते हातानं पावत्या लिहीत होते.

"काका, कॉम्प्युटर चालत नाही का?"

"न्हाय गो बाय. दोन दिस झालं."

उंदरानं वायर कुरतडली होती. दुखरा गुडघा घेऊन ते दर तासाला पावत्या ऑफिसात पोचवत होते, भर उन्हातून.

"अहो, काल मी ग्रुपवर विचारलं होतं, कुणाला काही अडचण आहे का म्हणून. बोलला का नाहीत?"

"सगल्यांना इचारलंस ना तू. मना वाटलं, बाकीच्यांची मोठी कामं असतील."

खाली बसून नवी वायर ओढली; काकांनी टॉर्च धरला. पडद्यावर ट्रकचं वजन उमटलं तसे ते लहान मुलासारखे हसले. मग डबा उघडून तांदळाची भाकरी मोडली, वर सुकट ठेवली आणि अर्धी माझ्या हातावर दिली.

त्या नोकरीत कुणाबरोबर बसून जेवले, ती ही पहिली वेळ.