मैदानावरच्या उलट्या फेऱ्या

रिपोर्ट वाचून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, गोळ्यांनी विषाणू छान दबलाय, पण कोलेस्टेरॉल वाढलंय. रोज पाऊण तास भरभर चाला, दम लागेल इतकं."

मला हसू आलं. आमचं घर मेंढरांमागं फिरणारं. माझ्या आईला चाल म्हणून कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी मात्र सोलापुरात शाळेच्या ऑफिसात खुर्चीला चिकटले. नवऱ्याकडून आलेला एचआयव्ही त्याच्या माघारी अकरा वर्षं गोळ्या खाऊन सांभाळला, आणि आता चालणं औषधासारखं लिहून घेत होते.

सात रस्त्याजवळच्या मैदानावर सकाळी एक ग्रुप चालायचा. त्याचे अध्यक्ष एक निवृत्त साहेब. पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. दोन फेऱ्या चालायच्या आणि दहा फेऱ्यांचं बोलायचं. हृदयावर भाषण झालं की मंडळी कोपऱ्यावरच्या गाड्यावर गरम भजी हाणायची.

एकदा साहेबांनी फर्मान काढलं, सगळ्यांनी रक्ताचे रिपोर्ट आणायचे. मी नेला नाही. मला दवाखान्यात गोळ्यांच्या रांगेत पाहिलेल्या ग्रुपमधल्या एकीनं मग त्यांच्या कानात काय ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तीन हात लांब उभं राहून साहेब म्हणाले, "मॅडम, उद्यापासून येऊ नका. बायका घाबरतात. घाम, श्वास..."

"घामानं पसरत नाही, साहेब. श्वासानंही नाही."

"ते असेल. पण ग्रुपचं नाव आहे."

राग आला की माझी गावाकडची बोली बाहेर येते. "मैदान सगळ्यांचं हाय की. ग्रुप ठेवा तुमच्यापाशी."

दुसऱ्या दिवसापासून मी उलट्या दिशेनं चालायला लागले. दर फेरीला ती माणसं समोरून यायची आणि स्वतःच्या बुटांकडे बघत जायची. शिकलेली, पेन्शन खाणारी, मुलं परदेशात असणारी, आणि इतकी अडाणी! मला त्यांची कीव नाही, किळस आली. त्या किळसेनं पाय मात्र भरभर पडायचे.

सहा महिन्यांनी रक्तातली चरबी उतरली होती, चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढलं होतं. वाईट तेवढं हटेना. डॉक्टरीणबाईंनी माझ्या रोजच्या गोळ्यांशी जमणारी आणखी एक गोळी दिली आणि म्हणाल्या, "चालणं सोडायचं नाही."

एका सकाळी ग्रुपमधली दुसरीच एक बाई मागं राहिली. हळूच म्हणाली, "ताई, माझ्या भावाला बी तेच निघालंय. दुधनीला असतो. त्यानं कुटं जायचं?"

"तुमच्या अध्यक्षांना विचारा," म्हणाले आणि पुढं गेले.

अर्ध्या फेरीत माझी मलाच लाज वाटली. वळले, तर ती निघून गेली होती. पुढं आठवडाभर आलीच नाही. शेवटी भजीवाल्याला विचारून तिचं घर शोधलं. दारातच म्हणाले, "चुकलं माझं. भावाला घेऊन सोमवारी दवाखान्यात या. मी असते तितं."

ती आली. भाऊ तिशीतला, तोंडाला घट्ट रुमाल बांधलेला, नजर जमिनीत. मी त्याला रांगेत माझ्यापुढं उभं केलं.

"रुमाल काढ की," म्हणाले. "चोरी केलीस व्हय?"

बहिणीकडं एकदा बघून त्यानं रुमाल सोडला.