वेगळा ग्रुप

प्रिन्सिपल मॅडमच्या टेबलावर फोन ठेवला होता. आवाज पूर्ण वाढवलेला. त्यातून माझ्या सहावीच्या वर्गातल्या एका मुलीची आई बोलत होती.

"मी दवाखान्यातल्या चादरी धुवून राहिली, सात साल झाले. रक्ताची चादर कधी गरम पाण्यात नाही टाकाची. डाग पक्का बसते. पहिले थंड पाणी. मंग मीठ."

समोरच्या खुर्चीत एक डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. म्हणजे त्या स्वतः डॉक्टर नाहीत, नवरा डॉक्टर. धंतोलीत स्वतःचं हॉस्पिटल, मुलगा माझ्याच वर्गात. त्यांनी बोट टेकवून आवाज थांबवला आणि मान वेळावून त्या बाईची नक्कल केली. प्रिन्सिपल मॅडम हसल्या. मग मीही हसले.

हे आधीच सांगून टाकते. मी हसले. कोणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती.

हसणं झाल्यावर डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या.

"आमच्याकडे असल्या बायका मागच्या दारानं येतात, मॅडम. तुम्ही त्यांना माझ्या फोनमध्ये आणून बसवलं. आणि वर माझा मुलगा तिला प्रश्न विचारतोय. टीचर समजून?"

मी म्हटलं, "पाठाचा भाग होता, मॅडम."

"पाठ? कसला पाठ? असू द्या. माणूस स्वतः कुठून आलाय, त्यावर असतं हे सगळं."

प्रिन्सिपल मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझी फाइल त्यांच्या कपाटात असते. त्यात जातीचा दाखला आहे. मी खाली टेबलाच्या काचेकडे बघत राहिले.

आता पाठ काय होता ते सांगते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. पुण्याहून एक सर आले होते. पडद्यावर रंगीत चित्रं. वर्गात सोशल मीडिया आणा, मुलांचं खरं जगणं आणा, घर आणि शाळा जोडा. जेवणात पुलाव होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या शाळेत सोशल मीडिया म्हणजे एवढंच होतं की संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो पेजवर आला की रात्री आठच्या आत प्रत्येक शिक्षकानं लाइक करायचं. कोणी केलं नाही याची प्रिन्सिपल मॅडमकडे यादी व्हायची. मी मात्र त्या सरांचं बोलणं खरं मानलं. कंत्राटी शिक्षिकेनं प्रशिक्षण इतकं मनावर घ्यायचं नसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, सगळ्या पालकांचा. माझ्या नंबरवर, ॲडमिन मी. मी मुलांना सांगितलं, आईचा नाहीतर बाबांचा दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. त्यांच्या कामातली अशी एक गोष्ट, जी पुस्तकात सापडत नाही. मग ते ऐकून वर्गात लिहायचं, आणि प्रश्न पडला तर ग्रुपवरच विचारायचा. डॉक्टरसाहेबांचा आवाज त्यांच्या असिस्टंटनं पाठवला. रोज हात धुवा, फळं खा. त्यावर एकाही मुलानं काही विचारलं नाही. चादरीवाल्या बाईंच्या मागे मात्र मुलं हात धुऊन लागली. मीठच का? रक्त कोणाचं आहे ते कळतं का? भीती वाटत नाही का? डॉक्टरांच्या पोरानं विचारलं, "रक्त वाळून गेलं असेल तर काय करता?" ती बाई दुपारच्या सुट्टीत एकेक उत्तर द्यायची. मागून मशीनचा आवाज यायचा. माझा विज्ञानाचा तास त्या आठवड्यात आपोआप चालला. गरम पाण्यानं रक्त गोठतं म्हणजे काय होतं, हे समजावताना वर्गात चिडीचूप. नोकरीतला सगळ्यात चांगला आठवडा होता तो.

त्याचा शेवट त्या केबिनमध्ये झाला. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "दोन ग्रुप करा. एक रेग्युलर पालकांचा, एक आरटीईवाल्यांचा. सूचना दोन्हीकडे सारख्याच टाका, म्हणजे कोणाची तक्रार नको. संध्याकाळपर्यंत झालं पाहिजे."

आरटीई म्हणजे सरकारच्या नियमानं फी न भरता ज्यांना प्रवेश मिळतो ती मुलं. माझ्या वर्गात नऊ. वर्गात ती सगळ्यांत मिसळून बसतात, एकसारखा युनिफॉर्म घालतात. डोळे झाकून मला ती नऊ नावं सांगता येतात, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

आणि मी केलं. सक्करदऱ्याला माझ्या खोलीवर आले, चहा ठेवला, आणि एकेका नावावर बोट दाबून काढत गेले. ग्रुपवर खाली सगळ्यांना दिसत होतं, मी कोणाला काढलं ते. नऊ ओळी. नवा ग्रुप केला, त्याला नाव दिलं 'सहावी ब – २'. शाळेची व्हॅन चालवणाऱ्या एका बापानं त्यावर लिहिलं, "ठीक आहे मॅडम." त्याला काहीही समजावून सांगावं लागलं नाही. मला माझीच लाज वाटली, पण चहा मी प्यायले.

माझी आई कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायची. स्टाफरूममध्ये मी सांगून ठेवलं होतं, आई गृहिणी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चादरीवाली बाई गेटवर उभी. आता तिला रात्रपाळी लागली होती, ती करून सरळ आली होती. पोरीचा हात हातात. मला बघून पुढे आली आणि फोन समोर धरला.

"मॅडम, जरा पाहून द्या न. हा नवा ग्रुप आला, पण जुन्यात बोलताच येऊन नाही राहिलं. खाली इंग्रजीत कायतरी लिवून येते. मले वाटलं पॅक संपला, त रिचार्ज मारला. तरी नाही. त्या पोराच्या सवालाचं उत्तर राह्यलं न द्याचं. वाळल्या रक्ताचं."

मी फोन हातात घेतला. काय बघणार? माझंच नाव होतं तिथं. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. तिला ते इंग्रजी वाचता येत होतं. तिनं आईला सांगितलं नव्हतं.

"फोन चांगला आहे," मी म्हटलं. "मी काढलं तुम्हाला."

"काहून?"

मी म्हटलं, "वरून सांगितलं."

तिनं पोरीकडे पाहिलं. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"सांगाचं होतं न, मॅडम. मीच निंगाली असती. पोरीच्या वर्गासमोर काढाचं नव्हतं."

मग फोन घेतला, पोरीला म्हणाली, "जाय वं, घंटी झाली," आणि ऑटो स्टँडकडे चालायला लागली. चप्पल घासत चालत होती. रात्रभर उभी असणार.

मी स्टाफरूममध्ये येऊन बसले.  इतक्या वर्षांचं थकणं एकदम अंगावर आलं. जपून बोलायचं, जपून हसायचं, आईला गृहिणी करायचं, अध्यक्षांना लाइक करायचं. आणि एवढं सगळं करून मी कुठं पोचले, तर दुसऱ्याला दाराबाहेर काढायचं काम मला मिळालं. त्यांना ॲडमिन म्हणून माझ्यासारखीच लागते. आपला हात आपल्याच माणसावर चालला की त्यांचा स्वच्छ राहतो.

पहिला तास सुरू व्हायच्या आत मी नऊच्या नऊ नावं जुन्या ग्रुपमध्ये परत घातली. नवा ग्रुप पुसला. मग लिहिलं:

"काल मी या ग्रुपमधून नऊ पालकांना काढलं. त्यांचा काहीही दोष नव्हता. मी घाबरून ते केलं. त्या नऊ जणांची आणि त्यांच्या मुलांची मी माफी मागते. वर्ग एक आहे, ग्रुप एकच राहील. माझी आई कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासत होती. ज्यांना आमच्यासोबत राहायचं नाही, त्यांनी आपलं आपण बाहेर पडावं."

डॉक्टरीणबाई पाच मिनिटांत बाहेर पडल्या. त्यांच्या मागे आणखी चौघी. मधल्या सुट्टीत प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलं. बसा म्हटलं नाही.

"तुमची नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची आहे, लक्षात आहे न?"

"आहे."

"मग आत्ताच्या आत्ता ते डिलीट करा आणि काल सांगितलं तसं करा."

"मी नाही करत."

"काय म्हणालात?"

"मी नाही करत, मॅडम. तुम्हाला करायचं असेल तर तुमच्या फोनवरून करा. तुमच्या नावानं."

त्यांनी केलं नाही. त्यांना ते स्वतःच्या नावानं नको होतं. मला फक्त लेखी नोटीस आली.

ती बाई ग्रुपमध्ये आहे, पण त्या दिवसापासून बोललेली नाही. मी सूचना टाकते, तिच्या नावापुढे वाचल्याची खूण येते. त्या मुलाचा प्रश्न तसाच आहे. तिची मुलगी माझ्या तासाला बोट वर करत नाही. मी तिला उठवत नाही. त्यांनी मला माफ करावं असं मला वाटतं, पण ते मागायचा हक्क मी त्या संध्याकाळी घालवला.

एप्रिलमध्ये माझी ऑर्डर पुन्हा निघणार नाही. दुसरी शाळा शोधीन. तिथंही प्रशिक्षण असेल, पुलाव असेल, आणि कोणीतरी केबिनमध्ये बोलावून मला हळू आवाजात सांगेल, हे पालक वेगळे काढा. मी तिथं हसणार नाही. वरून सांगितलं, असं पुन्हा कोणत्याही आईच्या तोंडावर म्हणणार नाही. अशी यादी माझ्या हातानं यापुढे होणार नाही.