चिठ्ठीवरचं नाव

शहापूरजवळच्या गोदामात माल बांधायला मला मावशीने शिकवलं. मावशी म्हणजे उंबरमाळीकडून रोज येणारी, माझ्या आईच्या वयाची कामगार बाई. लाकडी पॅलेटवर खोके रचले की भोवती प्लॅस्टिकची फिल्म ताणून गुंडाळायची, पण पहिले तीन वेढे खालच्या लाकडाला धरून. "नुसते खोकेच गुंडाळलेस तं गाडीत ते सरकतील, बाला," ती म्हणायची. भाताचे भारे बांधून तयार झालेले हात ते. तिने बांधलेलं पॅलेट ड्रायव्हर तपासतही नसत, आणि याचा तिला भारी अभिमान. मला मात्र दर वेळी कमरेतून वाकायचा कंटाळा.

बांधलेल्या मालावर बांधणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लागते. म्हसाच्या जत्रेच्या दिवसांत मात्र आम्ही एकमेकांना सांभाळून घ्यायचो. ज्याला लवकर निघायचं तो माल बांधून जाई, आणि मागे राहिलेला त्यावर स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावी, म्हणजे कोण लवकर गेलं ते कळत नसे. अशाच एका दिवशी काचेच्या बरण्यांची चार पॅलेटं मी वरच्या वर गुंडाळली आणि जत्रेसाठी मुरबाडची वाट धरली. खाली वाकलोच नाही. मावशीने विश्वासाने चिठ्ठ्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरच्या मोबाइलवर फोटो आला. टेम्पोत काचांचा नुसता चुरा, आणि वर मावशीचं नाव.

"कोणी बांधलं हे?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलेकडे. आदल्या रात्री जत्रेतल्या उंच पाळण्यात बसून बोंबलणारा मी, तिथे चपलेचा पट्टा सारखा करायला वाकलो. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"नाव माजं हाय ना? मंग मीच," ती म्हणाली. बांधणीवरून काढून तिला झाडू मारायला लावलं.

महिन्याभराने सुपरवायझरला दया आली. पुन्हा घेऊ तिला, पण आधी नीट शिकू दे, म्हणाला. आणि शिकवायला उभं केलं कोणाला, तर मला! मी सांगू लागलो, पहिले तीन वेढे लाकडाला. ती निमूट ऐकत होती, हो हो म्हणत होती. मग तिने वाकून वेढे घेतले, फिल्म ताणली, टोक खोचलं आणि चिठ्ठी हातात धरून मला विचारलं,

"हे तं मीच बांधलंय ना रे? टाकू नाव?"

सुपरवायझर शेजारीच उभा होता. मी नुसती मान डोलावली.