औषध नसलेली सुई

माझ्या मोठ्या बहिणीचा पाय इंजेक्शनने गेला. ती आठ वर्षांची होती, मी सहाची. घाटंजीजवळच्या आमच्या गावात मोटरसायकलला बॅग अडकवून एक माणूस यायचा, त्यालाच सगळे डॉक्टर म्हणायचे. बहिणीला ताप होता. मायने तिला मांडीवर पालथं धरलं, त्याने कमरेखाली सुई टोचली आणि ती अशी किंचाळली की मी पळत जाऊन दाराआड लपले. ताप उतरला, पण दुसऱ्या दिवशी तिचं उजवं पाऊल वर उचलेना. ते कायमचंच. आजही चालताना तिचा चवडा आधी जमिनीवर आपटतो.

मी अंगणवाडी सेविका आहे. लसीकरणाच्या दिवशी लेकरं मांडीवर घट्ट धरते आणि त्यांच्या आयांना सांगते, “काही होत नाही.” सुई आत जाताना मात्र मी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत राहते. इतक्या वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात कापूस वेचता वेचता माझा उजवा खांदा धरला. आधी नुसता ठणका होता. मग मानेतून निघालेली कळ दंडातून अंगठ्यापर्यंत जायला लागली. वेणी घालायला हात वर जाईना. तेल, शेक, मेडिकलच्या गोळ्या, सगळं झालं. गोळ्यांनी पोटात आग पडली तेव्हा घाटंजीच्या डॉक्टरांनी त्या बंद केल्या, हाडाचा फोटो काढला, हाड चांगलं आहे म्हणाले आणि सुईचा इलाज करणाऱ्या यवतमाळच्या एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

बहीण सोबत आली. मी नको म्हटलं होतं. तिला सुईच्या दवाखान्यात न्यायला मला लाज वाटत होती.

फिजिओथेरपिस्ट म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी. तिने माझ्या खांद्यावरून बोटं फिरवली आणि एका जागी दाबलं. कळ थेट अंगठ्यात उतरली.

“इथंच गाठ आहे, काकू. स्नायू आखडून बसलाय. बारीक सुई घालून तो मोकळा करायचा. ड्राय नीडलिंग म्हणतात याला. सुईत औषध नसतं.”

“औषध नाही तर मग सुई कायले?” बहिणीने विचारलं.

“सुईनंच काम होते, मावशी.”

मग तिने एक कागद पुढे केला आणि त्यावर लिहिलेलं वाचून दाखवलं. दुखेल, काळंनिळं पडेल, चक्कर येईल. शेवटी ती थांबली. “आणि हे क्वचितच होतं, पण सांगणं माझं काम आहे. खांद्याच्या खाली फुप्फुस असतं. सुई त्याला लागली तर दम लागतो. छातीत दुखलं, दम लागला, तर घरी जायचं नाही. सरळ परत यायचं.”

त्या मोटरसायकलवाल्याने मायला असं काहीच सांगितलं नव्हतं. पण हिने सांगितलं म्हणून माझी भीती कमी झाली नाही, उलट तिला आता नाव मिळालं. मी बहिणीकडे पाहिलं. वाटलं, ही म्हणेल, ऊठ, चाल घरी.

ती म्हणाली, “तुले भेव वाटून राह्यलं ना? मलेही वाटते. पण तुयी वेणी मी किती दिवस घालू?”

मी सही केली.

पालथं झोपवून त्या मुलीने खांद्याचं मांस चिमटीत धरून वर उचललं. स्पिरिटचा गारवा लागला, मग मुंगी चावल्यासारखं झालं, आणि एकदम माझा स्नायू माझ्या परवानगीशिवाय उडाला. जाळ्यातला मासा उडतो तसा. मी ओरडले. बहिणीने माझं मनगट इतकं आवळलं की तिची नखं रुतली. स्नायू आणखी तीनदा उडाला. डोळे मिटून मी स्वतःचा श्वास ऐकत होते.

अर्धा तास बसवून तिने आम्हाला सोडलं. दुपारची घाटंजी बस मिळाली. शहर मागे पडून सागाची झाडं लागली तेव्हा मी मोठा श्वास घेतला आणि तो उजव्या बाजूला अडला. पुन्हा घेतला, पुन्हा अडला. पाठीवरून घाम उतरला. बोलले तर आहे तोही दम संपेल, म्हणून मी गप्प बसले.

“काय झालं वं?” बहिणीने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी छातीवर हात ठेवला.

ती उठली. हलत्या बसमध्ये सीटांना धरत, पाऊल आपटत पुढे गेली आणि कंडक्टरवर ओरडली, “गाडी थांबवा! माह्या बहिणीले दम लागून राह्यला!” बस थांबली. समोरून येणारी एक जीप तिने रस्त्यात आडवं उभं राहून थांबवली. परत येताना माझ्या मनात एकच गोष्ट होती: मेले तर हिला वाटेल, आपल्याच सांगण्याने मेली.

आम्हाला दारात पाहून त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. काही न विचारता तिने माझ्या बोटाला यंत्र लावलं, माझा दंड धरला आणि चार दुकानं पलीकडे एक्स-रेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून दोन्ही बाजू ऐकल्या. फोटो हातात येईपर्यंत आम्ही तिघी एका बाकावर बसलो होतो.

फुप्फुस चांगलं होतं. स्नायू दुखत होता, त्यामुळे श्वास घेताना ओढ बसत होती. बाकीचं भीतीने केलं होतं.

“मी उगाच तुला त्रास दिला,” मी म्हणाले.

“नाही काकू. परत आल्या तेच बरं केलं.” तिने पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली. “मीपण लय घाबरली होती.”

दोन दिवस खांदा मार बसल्यासारखा दुखला. तिसऱ्या दिवशी हात कानापर्यंत गेला, आठवड्याने डोक्यावर. कळ पूर्ण गेली नाही. ओझं उचललं की येते, मग त्या मुलीने शिकवलेले व्यायाम करते.

त्यानंतर मी आणखी दोनदा सुई घेतली. दोन्ही वेळा बस यवतमाळात शिरली की मी समोरच्या सीटची दांडी घट्ट धरायचे. बहीण म्हणायची, “आता काहून भेतं? मागच्या टायमाले काही झालं का?” नव्हतं झालं. तरी भीती पहिल्याइतकीच होती. दोन्ही वेळा सुई झाल्यावर मी घाटंजीची पहिली बस सोडली, दवाखान्यासमोरच्या टपरीवर चहा घेतला, आणि तासभर मोठे श्वास घेऊन पाहिले. बहीण शेजारी बसून ते मोजत होती.