छकड्यापुढं धावणारा माणूस

मास्तरकीतून रिटायर झालो त्याच वर्षी गावच्या बड्या घरचा वारस आमच्या दारात आला. आदिलाबाद जिल्ह्यात, तलमडुगूच्या अलीकडचं आमचं गाव. त्या घरचं माणूस आमच्या बौद्ध वस्तीत स्वतःहून आलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाला, "गुरुजी, आमच्या पणजोबांचं चरित्र तुम्हीच लिहा. इकडं मराठीत धड लिहिणारं दुसरं आहे कोण?" मी हुरळलो, खोटं कशाला बोलू.

पणजोबा म्हणजे त्या काळचं बडं प्रस्थ. पैनगंगेच्या पल्याड इंग्रजांचा अंमल, अल्याड निजामाचा. यांची जमीन अल्याड आणि राजकारण पल्याड. गोऱ्या साहेबाच्या कायदेमंडळात मेंबर होते, रयतेच्या हक्कांवर तिथं भाषणं ठोकायचे. भाषणं चांगली आहेत, हेही सांगून टाकतो.

मी चरित्र लिहायला घेतलंय हे कळलं तेव्हा नव्वदीला टेकलेले बाबा खाटेवर उठून बसले. "मंग माया आजाले त्यात घाल," म्हणाले. "मले दुसरं काई नोको."

बाबांचा आजा या मेंबरसाहेबांच्या छकड्यापुढं धावायचा. वेठच होती ती. नदीच्या उतारापासून गावापर्यंत बैलांच्या पुढं पळायचं आणि वाट मोकळी करायची. मालकासमोर पायात वहाणा चालत नसत, म्हणून त्या काखेत मारून भर उन्हात अनवाणी. म्हातारपणी त्याचे पाय बाबाच चेपायचे. तळवे खुरासारखे टणक झाले होते म्हणतात. साहेब रयतेच्या हक्कांवर बोलून परतायचे, तेव्हाही पुढं हाच पळत असायचा.

मी ते पान लिहिलं. शिव्या घातल्या नाहीत, होतं तसं लिहिलं. वारसानं माझ्यासमोर वाचलं, मान हलवली, "उत्तम, गुरुजी" म्हणाला. मला वाटलं, काळ बदलला. कशाचा बदलतोय डोंबलाचा.

प्रकाशनाला आदिलाबादहून पाहुणे आले, अर्धी भाषणं तेलुगूत झाली, मला शाल-नारळ मिळाला. पुस्तक घेऊन घरी आलो. बाबांना आता दिसत नाही. "आजाचं पान वाच," म्हणाले. मी शोधलं. पान नव्हतं. त्या जागी एक ओळ होती, तीच वाचली. छकडा नदी उतरला की गावची माणसं प्रेमापोटी आनंदानं पुढं धावत, असं छापलं होतं.

"पुना वाच," बाबा म्हणाले. मी पुन्हा वाचली.

"आनंदानं काऊन पळन तो?"

माझं डोकं फिरलं. तिथंच वारसाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "पुस्तकाचा सूर बिघडत होता, गुरुजी. मनाला लावून घेऊ नका." इतक्या गोड आवाजात बोलणाऱ्याला काय शिव्या द्यायच्या! मी फोन ठेवून दिला.

"बाबा, ही ओळ माझी नाही," मी सांगितलं. "त्यांनी घुसडली."

बाबांनी हात पुढं केला, पुस्तक मागितलं, मांडीवर घेऊन कव्हर चाचपलं.

"याच्यावर लिवणाऱ्याचं नाव कोनाचं हाय?"

"माझं."

"मंग झालं," बाबा म्हणाले. "लोक म्हनतीन, पळणाऱ्याच्याच पणतूनं लिवलं, मंग खरंच असन."