अर्धं स्तोत्र

पहिल्या वेळी आई ऑपरेशनच्या खोलीतून स्वतःच्या पायांनी बाहेर आली. डोक्यावर हिरवी टोपी, अंगात मागून नाड्या बांधलेला गाऊन, एका डोळ्याला भूल दिलेली. मागून नर्स धावत होती. बाकावर रांगेनं बसलेल्या पेशंटांसमोर आई म्हणाली, "मला न्हाई जमत. चल घरी." टोपी अजून तिच्या डोक्यावरच आहे, हे रिक्षात बसल्यावर लक्षात आलं.

परभणीतल्या त्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पूर्ण पिकला होता. अजून थांबलं तर डोळाच जाण्याची भीती होती. डाव्या डोळ्यानं आईला फक्त उजेड आणि हलणाऱ्या सावल्या कळत. पूर्ण भूल द्यायची तर तिचं हृदय आणि साखर, दोन्ही आड येत होती. म्हणजे जागेपणी, तोंडावर कापड घेऊन, न हलता आणि न बोलता पडून राहायचं.

"ऑपरेशन अवघड नाही," डॉक्टर म्हणाले. "पडून राहणं अवघड आहे, आणि ते काम तुमच्याकडचं. मी आणखी एकदा टेबलवर घेईन. पुन्हा उठल्या तर मात्र मी हात लावणार नाही. डोळ्यात अवजार असताना उठल्या तर काय होईल, विचार करा."

आईचं हे घाबरणं वर्षभर चाललं होतं. ती बाथरूमची कडी लावत नसे. काचा बंद असलेल्या जीपमध्ये बसत नसे. साडी नेसताना पदर डोळ्यांवरून गेला तरी तिचा श्वास वर चढे. मनाच्या डॉक्टरांची गोळी चालू होती. गोळीनं झोप सुधारली होती, दिवसही बरे जात होते, पण तोंडावर कापड आलं की गोळीचं काही चालत नसे.

हे सगळं तिच्याच बाबतीत व्हावं, याचा आमच्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांना धक्का बसला. वालूरच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर आई परभणीला आली आणि त्याच्याही आधीपासून ती चर्चमधली स्त्रियांची सभा चालवत होती. कुणाच्या घरी दुखणं आलं, परीक्षेत पोरगं नापास झालं, नवरा रुसून निघून गेला, की आई पिशवीत शास्त्र, म्हणजे बायबल, घालून त्या घरी हजर. योग्य वचन काढायचं, वाचायचं, प्रार्थना करायची, चहा घेऊन निघायचं. आता त्या सगळ्या घरांनी परतफेड सुरू केली. रविवारच्या उपासनेत प्रार्थनेच्या विषयांमध्ये 'आपल्या बाईंच्या मनातली भीती जावी म्हणून' असं पुकारलं गेलं. त्यानंतर आमच्या दारातली चपलांची गर्दी हटली नाही.

"सलाम, बाई."

"सलाम. बसा."

"बाई, कशाचीही काळजी करू नका असं लिहिलंय."

"लिहिलंय. कोणतं पत्र, कोणता अध्याय, तेबी सांगू का?"

"मग भ्यायचं कशाला?"

"ते छातीला सांगा. ती शास्त्र वाचत न्हाई."

बोलणारी बाई मंडळीतली वडीलधारी होती. तिच्या सुनेच्या बाळंतपणात हेच वचन आईनं तिला दिलं होतं. ती मनापासून सांगत होती, याबद्दल मला शंका नाही. पण आमच्या फोनवर रोज सकाळी गुलाबाच्या चित्रावर छापलेली तीच वचनं येत होती आणि आईला दिसत नसल्यामुळे ती मला वाचून दाखवावी लागत होती. मी एका दैनिकाच्या परभणी कार्यालयात उपसंपादक आहे. 'नागरिकांनी शांतता राखावी' हे आवाहन असतं, शहरात शांतता आहे ही बातमी असते. या दोन्हींतला फरक नव्या वार्ताहरालाही समजावून सांगावा लागतो. आमच्या घरी आवाहनांचा ढीग साचला होता आणि बातमी येत नव्हती.

"पुढचं वाचू का?" मी विचारायची.

"राहू दे. मीच वाटलेली पत्रकं हायती ती. मलाच परत आणून द्यायलेत."

शेवटी मी सराव घ्यायचं ठरवलं. दुपारी जेवणं झाल्यावर आईनं खाटेवर उताणं पडायचं, मी तिच्या तोंडावर धुतलेली पांढरी चादर टाकायची, आणि तिनं राहता येईल तितकं राहायचं. पहिले काही दिवस चादर टाकेपर्यंतच ती उठून बसे. मग मी म्हटलं, एखादं स्तोत्र म्हण, पूर्ण होईपर्यंत उठायचं नाही. तिनं बायबलातलं चौतिसावं निवडलं. स्त्रियांच्या सभेत ते इतक्या वेळा झालं होतं, की ते न पाहता म्हणणं तिला सहज जमायला हवं होतं.

तिनं पहिली ओवी म्हटली. परमेश्वराचा धन्यवाद सर्वकाळ करीन, अशा अर्थाची. थांबली. मग एकदम तिसरी म्हटली. पुन्हा थांबली. पाचवी सुरू केली, आणि चादर फेकून उठून बसली.

"दुसरी राहिली," मी म्हटलं. "चौथीपण."

"कुठं राहिली? मला सगळं पाठ हाय."

"मग दुसरी म्हण."

 तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. जन्मभर पाढे पाठ करून घेतलेल्या बाईला स्तोत्राची दुसरी ओवी आठवत नव्हती, आणि याचा तिला मनस्वी राग आला होता.

"दुसरी लोकं म्हणत्यात," ती शेवटी म्हणाली.

आमच्याकडं स्तोत्र आळीपाळीनं वाचतात. पुढं उभा असलेला एक ओवी वाचतो, बाकावरची मंडळी पुढची. एवढी वर्षं आई पुढं उभी राहिली होती. पहिली, तिसरी, पाचवी तिच्या तोंडी बसली होती. दुसरी, चौथी, सहावी तिनं फक्त ऐकली होती, तीही पुढची ओवी पुस्तकात बोटानं धरून ठेवताना, म्हणजे अर्ध्या कानानं. आणि मला, जिनं चर्चला जाणं कधीच सोडलंय, त्या उरलेल्या ओव्या लख्ख पाठ होत्या. लहानपणी दर सभेला मला बाकावर बसवलं जायचं. रविवारी कार्यालयात कामाची पाळी असते असं मी सांगते आणि ते खरंही आहे, पण पाठांतर पाळी बघत नाही.

चौथी ओवी माझ्या वाट्याची होती. मी हाक मारली, त्यानं ऐकलं, आणि माझ्या सगळ्या भीतींतून मला सोडवलं, असा तिचा अर्थ आहे. ज्या ओवीची आईला गरज होती, ती नेमकी तिच्या वाट्याला कधीच आली नव्हती.

मी तिला चौथी म्हणून दाखवली.

"देवळात येत न्हाईस, अन् पाठ हाय," आई म्हणाली. चर्चला ती देऊळच म्हणते. खूश होऊन बोलली नव्हती.

"आता तूपण पाठ कर. बावीस ओव्या तर आहेत."

तिनं दोन दिवस केल्या. दोन्ही वाटण्या एकटीनं म्हणून पाहिल्या. सहाव्या-सातव्या ओवीपर्यंत चादर निघालेली असायची. मी वैतागले. एवढं साधं काम, त्यालाही नखरे. तीही वैतागली.

"आपणच बोलायचं, आपणच उत्तर द्यायचं. येड्यासारखं वाटतंय. तू म्हण तुझ्या."

म्हणून मी म्हणू लागले. ती एक, मी एक. पहिल्याच दुपारी आम्ही सिंहाच्या उपाशी छाव्यांपर्यंत, म्हणजे दहाव्या ओवीपर्यंत पोचलो. चादर जागेवर होती. अकरावीत, मुलांनो या, ऐका, असं म्हणताना तिचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. मी बारावी सुरू केली तेवढ्यात दारातून किंकाळी आली.

शेजारच्या काकू होत्या. त्यांचं कोपऱ्यावर किराणा दुकान आहे, लिंगायत असल्यानं गळ्यात लिंग असतं आणि बोलणं मोठं असतं. त्यांना खाटेवर पांढऱ्या चादरीखाली उताणी पडलेली आई दिसली आणि शेजारी बसून शास्त्र म्हणणारी मी.

"अगं माय! कवा झालं? मला हाक तरी मारायची!"

"अजून न्हाई झालं," आई चादरीतून म्हणाली. "थांबा, अकरा ओव्या हायत."

काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. पाणी प्यायल्यावर त्यांनी आधी मला झापलं, मग आईला. "असली कसली रीत तुमची? जित्त्या माणसावर चादर?" सगळं समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग म्हणा की पुढचं. थांबायलाव कशाला?" आणि बावीस ओव्या संपेपर्यंत त्या तिथंच बसल्या. त्या दुपारी आई पहिल्यांदा शेवटपर्यंत पडून राहिली.

डॉक्टरांना मी खोलीत बसू देण्याची विनंती केली. त्यांनी नाही म्हटलं. मी पुन्हा गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ते जेवत होते.

"तुम्ही पत्रकार लोक पिच्छा सोडत नाही."

"मला बातमी नको आहे. स्टूल पाहिजे."

त्यांनी डबा बाजूला सारला. "गाऊन, टोपी, मास्क. कमरेपाशी बसायचं. तुम्ही हळू बोललात तर चालेल, पेशंटनं तोंड उघडायचं नाही. जबडा हलला की डोकं हलतं, डोकं हललं की डोळा. त्यांनी तुमचा हात धरायचा, त्रास झाला तर दाबायचा. बस."

सराव आम्ही मोठ्यानं केला होता. आईला गप्प राहून तिच्या ओव्या मनात म्हणाव्या लागणार होत्या. मला ते आदल्या दिवशी कळलं. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तुला कसं कळणार माझी संपली?" 

दुसऱ्या वेळी तिच्या तोंडावर हिरवं कापड आलं, एका डोळ्यापुरतं भोक ठेवून. वर दिवा लागला. तिची बोटं माझ्या हातात होती आणि गार होती. पहिली ओवी तिची. मी थांबले. बोटं दाबली गेली.

डॉक्टरांचे हात थबकले. "आजी, त्रास होतोय?"

"नाही," मी म्हटलं. "तिची ओवी संपली."

"अहो!" डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून मान न काढता म्हणाले. "आजी, हात दाबायचा तो त्रास झाला तरच. ओवी संपली म्हणून नाही. समजलं? बोलू नका, नुसतं ऐका."

त्यानंतर बोटं सैल पडली. मी दुसरी म्हटली. मग तिसरीसाठी थांबले. तिची तिसरी मला पाठ नव्हती. ती किती लांब आहे, याचा मला अंदाज नव्हता. पुढं उभं राहून ती वाचायची तेव्हा मी बाकाखाली पाय हलवत बसलेली असे. आता मी कापडाकडं पाहत होते. खाली तिचा श्वास आहे, एवढंच दिसत होतं. ती स्तोत्र म्हणतेय की उठायची तयारी करतेय, ते पडताळायला काही मार्ग नव्हता. माझ्या कामात न पडताळलेली गोष्ट छापत नाहीत.

मी चौथी म्हटली. थांबले. सहावी. थांबले. कुठंतरी मी फार वेळ थांबले असणार, कारण तिचा पाय चादरीखाली सरकला.

"थांबू नका," डॉक्टर म्हणाले. "पुढचं म्हणा. त्या हलायल्या."

मी म्हटली. पाय स्थिर झाला.

मग मी मोजणं सोडलं. माझी ओवी म्हणायची, तिला जागा द्यायची, पुन्हा माझी म्हणायची. अठराव्या ओवीत, भग्न हृदयाच्या माणसाजवळ देव असतो, असं मी नर्सच्या आणि यंत्राच्या आवाजाखालून म्हटलं तेव्हा माझ्या डोक्यात पान, मथळा, उद्याची पाळी, काहीच नव्हतं. हे मला नंतर जाणवलं. त्या वेळी तिची एकोणिसावी चालू होती आणि मी तिच्यासाठी गप्प होते.

बाविसावी माझीच होती. ती संपली तरी काम संपलं नव्हतं. मी पुन्हा पहिलीसाठी थांबले.

कापड काढल्यावर आईचा चेहरा घामानं ओला होता आणि ती चिडलेली होती. "लय घाई करतीस. माझं दोनदा अर्ध्यात तोडलंस."

"म्हणजे तू म्हणत होतीस?"

"मग काय झोपले व्हते?"

परत येताना रिक्षात मी विचारलं, भीती गेली का. तिनं काळा चष्मा सारखा केला. "न्हाई गेली. हुतीच की, छातीवर बसलेली. पण तुझी संपली की माझी पाळी यायची, ते काम चुकवता येईना. भिऊन उठले असते तर मधेच तुटलं असतं." मग ती म्हणाली, "चौथीला बरं वाटलं. दुसऱ्यानं म्हटल्यावर ती खरी वाटती."

दुसऱ्या दिवशी चपला परत आल्या. त्याच वडीलधाऱ्या बाईंनी जाहीर केलं की त्यांचं काळजी न करण्याचं वचन कामी आलं. मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं. आईनं झाकल्या डोळ्यानं माझ्याकडं तोंड वळवलं आणि त्यांना म्हणाली, "आलं की. चहा घ्या." त्या गेल्यावर मी कुरकुर केली. तिनं मला, तू दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतीस, घरी आल्यावर तरी बंद ठेव, असं सुनावलं.

डाव्या डोळ्याची तारीख मिळाली आहे. डॉक्टरांनी स्टुलाचं स्वतःहून विचारलं. तोवर उजव्या डोळ्यात थेंब घालायचे असतात आणि नंतर डोळा मिटून पडायचं असतं. आई पडते आणि पहिली ओवी मोठ्यानं म्हणते. मग थांबते. मी कुठंही असले तरी ती माझ्यासाठी थांबते. तिसरी ती आपणहून सुरू करत नाही. आज मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते, गॅसवर कुकर होता. आतून पहिली ओवी आली, मग काही आलं नाही.

"आई, हात भरलेत माझे."



कुकर बंद करून मी पिठाच्या हातांनी दारात गेले आणि दुसरी म्हटली.