पिवळ्या पट्टीच्या अलीकडे
बँकेच्या रांगेत पायाखाली पिवळी पट्टी आली की परभणीतली ती खोली आठवते. एमआरआयच्या यंत्रात धातू चालत नाही म्हणून आईनं जन्मात पहिल्यांदा गळ्यातलं इष्टलिंग चांदीच्या डबीसकट उतरवून माझ्या हातात दिलं. "ह्ये घिऊन जवळच थांब, माय." तिला धसका नको म्हणून लपवलेल्या माझ्या पेसमेकरचं मी तंत्रज्ञाला हळूच सांगितलं. तो मीटर धरून चुंबकाचा जोर मोजत आत गेला आणि पिवळ्या पट्टीवर थांबला. "ताई, याच्या पुढं न्हाई." यंत्र ठणठणू लागलं, आई हाका मारत राहिली, आणि मी डबी मुठीत आवळून पट्टीच्या अलीकडेच खिळले. "कुठं गेलतीस?" बाहेर आल्यावर तिनं विचारलं. "फोन आला होता," मी म्हणाले. तिनं डबी हिसकून घेतली. त्यानंतर तिनं माझ्या हातात साधी पिशवीसुद्धा दिलेली नाही.